तळव्याखालची बोटं

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागाहून. सुईणीने पाय धरून ओढलं, मी आले आणि आई गेली. हे माझ्यापासून कुणी लपवलं नाही. ज्या बायका "आईला खाऊन आली" म्हणायच्या, त्याच दुसऱ्या दिवशी कंबर धरली की "पोरीला जरा पाठवा हो" म्हणून निरोप धाडायच्या. कारण पायाळूचा पाय लागला की उसण जाते, लचक उतरते, हे खानदेशात शेंबडं पोरही जाणतं. आहे की नाही गंमत? ज्या पायांनी आई नेली, त्याच पायांना गावाने औषध ठरवलं.

माझं माहेर चोपड्याकडचं, केळीच्या मळ्यांतलं. पाच-सहा वर्षांची असल्यापासून मला न्यायला माणसं यायची. दुखणेकरी उंबऱ्यापाशी पालथा पडायचा, मला बगलेत धरून उभं करायचे आणि टाच तीनदा टेकवायला लावायचे. मधे बोलायचं नाही. झालं की हातावर गुळाचा खडा. मला वाटायचं, मोठं काम करून आले. पावसाळ्यात मात्र अंगणात पाऊल टाकू देत नसत, पायाळूवर वीज पडते म्हणून. एकदा एका कुंभाराच्या मुलाच्या मानेवर पाय ठेवायला लावला होता. गाढवावरून पडला होता तो. नंतर ते घर दुसऱ्या गावी गेलं. तो बरा झाला की नाही, मला कधी कळलं नाही. तेव्हा विचारावंसंही वाटलं नव्हतं.

धरणगावजवळच्या एका खेड्यात मला दिलं. कापसाचं घर, माणसं खाऊनपिऊन सुखी. सासूला उसण भरायची खोड होती, त्यामुळे मला बघायला आली तेव्हा तिने तोंडाआधी पाय पाहिले. सावळी आहे, आईविना आहे, चालेल. पायाळू आहे ना, मग झालं! लग्नानंतर आठवड्यातून एकदा तरी सासू पालथी पडायची आणि मी तिच्या कमरेवर पाय ठेवायची. सासूच्या पाठीवर पाय देणारी सून म्हणून नवरा मला चिडवायचा. मीही म्हणायची, "तुमची पाठ दाखवा, तुम्हालाही देते."

स्वातंत्र्य मिळून वर्ष झालं नव्हतं, त्या उन्हाळ्यातली आखाजी. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. मला न्यायला कोण येणार? वडिलांनी दुसरं घर केलं होतं, त्या घरात माझी आठवण काढायला कुणी नव्हतं. माझी नणंद मात्र आली. तिला सगळे अक्का म्हणत. कडेवर तान्हं पोर आणि बरोबर तिची सहा वर्षांची मुलगी. पुढचे दोन दात पडलेले, दोन वेण्या आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. आली तशी "मामी, मामी" करत माझ्या पदराला चिकटली. खरं सांगते, त्या आखाजीला माझं माहेर म्हणजे ती पोर होती.

गावाबाहेरच्या निंबाला झोका बांधला होता. जाड दोर आणि बसायला लांब लाकडी फळी. मोठ्या मुलींनी हिला मधे बसवून झोका चढवला. वर गेल्यावर खालची फळी सटकली आणि पोर मागे डोक्यावर आपटली. मी धावले. तोवर ती स्वतःच उठून बसली होती. रडली नाही. धूळ झटकली आणि माझं बोट धरून घरी चालत आली. वाटभर बायका म्हणत होत्या, "बघा पोर, किती गुणाची!" मीही म्हणाले. पडल्यावर न रडणाऱ्या पोराला आता मी कधी गुणाचं म्हणत नाही.

दुपारी पानावर मांडे आणि आमरस होता. तिने घास घेतला नाही. मान एका बाजूला कललेली आणि हनुवटी दुसऱ्या खांद्याकडे. कुणी हाक मारली की मान वळवायची नाही, सगळं अंग वळवायची. सासू म्हणाली, मान धरली, दुसरं काय. तेल कोमट करून लावलं, मिठाच्या पुरचुंडीने शेकलं. बडबडी पोर गप्प होती. जेवली नाही म्हणून तिला अक्काची बोलणीही बसली.

सकाळी मी सडा घालून आत आले तर पोर गोधडीवरून उठत होती. आधी तिने एक हात हनुवटीखाली घातला. मग दुसरा मानेमागे. डोकं असं दोन्ही हातांत धरलं, कुशीवर वळली आणि ते डोकं उचलून आणत उठून बसली. बाई डोक्यावरची भरली घागर उतरवते ना, तसं. मला आधी हसू आलं. म्हटलं, काय नखरे हे सकाळी सकाळी! ती हसली नाही. म्हणाली, "मामी, मनं डोकं पडी जाई."

माझं डोकं पडून जाईल. सहा वर्षांच्या पोरीने एवढं स्पष्ट सांगितलं होतं. पण पोरांचं बोलणं कोण मनावर घेतं?

सासू म्हणाली, "तू पायाळू शे ना? मंग उन्हं यायच्या आत पाय लाव. बठ्ठं बरं व्हई जाई."

उंबऱ्यापाशी गोधडी पसरली. पालथी घालू गेले तर पोर अशी किंचाळली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग तिला कुशीवर ठेवलं. अक्काने तिचे पाय धरले. मी दाराची चौकट धरली, देवाचं नाव घेतलं आणि उजवा पाय उचलून तिच्या मानेवर नेला.

तळव्याला मान लागलीच नाही. बोटं लागली. तिने डोकं सोडलं नव्हतं; मानेमागचा हात तसाच होता आणि माझा पाय त्या हातावर टेकला होता. चार बोटं, गरम, घामेजलेली. ती थरथरत होती, पण पायाखालून निघत नव्हती. कुणाच्याही बोटांवर पाय पडला तर हात मागे ओढला जातो की नाही? तिने ओढला नाही. तिला बोटं चिरडलेली चालणार होती, डोकं सोडलेलं चालणार नव्हतं. मी पाय काढून घेतला आणि म्हटलं, "मी नाही लावत."

मग काय विचारता! सासू म्हणाली, "तुझा पाय काय सोन्याचा झाला?" अक्का रडत ओरडली, माझी पोर आहे म्हणून पाय लावत नाही, स्वतःची असती तर लावला असता. तेव्हा माझी कूस उजवली नव्हती, ते शब्द फार लागले. पण मी मुळातच हट्टी. मी खाली बसले, पोरीचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं आणि तिला म्हटलं, "सोड आता. मी धरलंय." खूप वेळाने तिने हात सोडले. तिच्या बोटांवर वळ उमटले होते.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. माणूस कमी बोलणारा. त्यांनी माझ्या नवऱ्याला सायकल काढायला सांगितली, धरणगावहून डॉक्टर आण म्हणाले. इकडे सासूने तालमीतल्या वस्तादाला बोलावणं धाडलं. वस्ताद चांगला माणूस होता. पैलवानांच्या धरलेल्या माना तो हनुवटीला हिसका देऊन सोडवायचा. कट्‌ असा आवाज यायचा आणि माणूस हसत उठायचा. सायकल धरणगावला जाऊन परत यायची होती. वस्तादाचं घर मारुतीच्या देवळामागे.

अर्थात वस्ताद आधी आला. हातपाय धुऊन माझ्यासमोर बसला, म्हणाला, "सूनबाई, हात काढा. एका झटक्याचं काम आहे." पोरीचे डोळे माझ्यावर होते. मान हलत नव्हती, फक्त डोळे. मी म्हटलं, "भाऊ, आधी माझी मान मोडा, मग हिच्या मानेला हात लावा." परक्या पुरुषाशी, सासऱ्यांसमोर, डोक्यावरचा पदर घसरलेला. सासूने तोंडावर हात मारून घेतला. वस्तादाने एकदा आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "डॉक्टर येऊ द्या." तेवढेच शब्द. वस्ताद भिंतीला टेकून बसला. माझे हात बधिर झाले, पाठीला रग लागली, माशी तोंडावर बसली ती हाकलता येईना. मनात एकच, हात सुटता कामा नये. पायांनी एक जीव घेतलाय, हातांनी हा राखू दे.

सायकलची घंटा ऐकू आली तेव्हा उन्हं अंगणात आली होती.

डॉक्टरने पोरीला हातच लावला नाही. मला वाटलं, हा कसला डॉक्टर! त्याने विचारलं, "झोपेतून उठताना काय केलं हिने?" माझे हात गुंतलेले, म्हणून मी तोंडाने सांगितलं, एक हात हनुवटीखाली, एक मागे. त्याने हातातली बॅग हळूच खाली ठेवली. मग पोरीच्या पायाशी गेला, अंगठा हलव म्हणाला, बोटं हलव म्हणाला, टाचणी तळव्याला टोचून विचारलं. तिने पाय आखडून घेतला आणि त्याने मोठा श्वास सोडला. म्हणाला, "मूल डोकं हातात धरून उठायला लागलं की त्याची मान गेली असं समजायचं. हाडांचा फोटो नंतर. तोवर हिला कुणीही बसवायचं नाही, उचलायचं नाही, वळवायचं नाही."

धुळ्याला हाडांचा मोठा डॉक्टर होता आणि फोटोचं मशीन होतं. बैलगाडीने नेली तर हिसक्यांनीच जाईल, असं हा डॉक्टर म्हणाला. गावात एका मारवाडी शेठचा कापसाचा ट्रक होता. आबांनी विचारलं, शेठने ड्रायव्हरला लगेच उठवलं. पोरीला निजवायला सपाट लाकूड हवं होतं. घरातले पाट आखूड पडले. शेवटी निंबाच्या झोक्याची फळी आणली. तिच्यावरून पडली तीच. तिला बांधायलाही झोक्याचाच दोर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना सरकीच्या पुरचुंड्या. ट्रकमध्ये कापूस पसरला, त्यावर फळी, आणि मी नि अक्का शेजारी. वाटेत तिने एकदाच विचारलं, "मामी, झोका चालू शे का?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आजही झोक्याचा दोर करकरला की मी तिथून उठून जाते.

धुळ्याच्या दवाखान्यात आधी बाजूने फोटो काढला. मोठा डॉक्टर तो उजेडात धरून बघत राहिला. अक्काने विचारलं, हाड मोडलंय का? तो म्हणाला, "दिसत नाही." अक्काने लगेच हात जोडले. पण तो म्हणाला, थांबा. एवढ्या मुलांचं हाड पुरतं हाड झालेलं नसतं, मधे कुर्चा असते, ती फोटोत उमटत नाही. फोटो चांगला दिसला म्हणून मान चांगली, असं नाही. समोरून, तोंड उघडं ठेवून आणखी एक काढावा लागेल, दातांच्या फटीतून मागचं हाड दिसतं. आणि पोर तोंड उघडेना! भ्यायली होती बिचारी. नर्स सांगून थकली. मी तिच्या डोळ्यांसमोर वाकले आणि म्हटलं, आखाजीचा आंबा राहिलाय तुझा, एवढा मोठा, कोय आख्खी तोंडात मावली पाहिजे, बघू. तिने आ केला. पडलेल्या दातांची खिडकी आणि आतली लाल जीभ. मशीन घरघरलं.

तो फोटो बघून डॉक्टरने मला समजावलं. अक्का ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. म्हणाला, जात्याच्या खालच्या तळीत उभा खुंटा असतो ना, वरची तळी त्याच्यावर फिरते. तसा मानेच्या वरून दुसऱ्या मणक्याला एक खुंटा असतो, त्यावर डोकं वळतं. हिचा तो खुंटा बुडाशी सुटलाय. त्याच्या लगेच मागून मेंदूची दोरी खाली जाते. आतापर्यंत तो जागेवर आहे, कारण हिने स्वतःच डोकं हलू दिलं नाही.

मी विचारलं, "आणि कुणी पाय दिला असता तर?"

त्याला काय कळणार मी कुठल्या पायाबद्दल बोलते आहे. तो म्हणाला, "मग तुम्ही इथे आला नसतात."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पहिल्यांदा रडले. माझा उजवा पाय समोर पसरला होता. तो माझा वाटेना.

पोर कॉटवर उताणी. हनुवटीखालून आणि मागून पट्टा, त्याला दोरी, दोरी कॉटच्या उशाकडच्या चाकावरून खाली, आणि तिला लोंबणारं वजन. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. कुणी कॉटला धक्का दिला की ते वजन हलायचं आणि दोरी करकरायची. मी हातात वजन धरून थांबवायची. अक्का घरी तान्हं पोर ठेवून आली होती, तिला परत जावं लागलं, मी राहिले. पोर छताकडे बघत विचारायची, मामी, तू आहेस का? दिसत नसे ना तिला. मी तिच्या हातात माझा हात द्यायची. ती त्याच चार बोटांनी धरायची. मला झोप लागली की तीच बोटं तळव्याखाली यायची, गरम, घामेजलेली. मग मी पाय पोटाशी ओढून बसायची. कधी तो कुंभाराचा मुलगा यायचा स्वप्नात, पालथा पडलेला, तोंड दिसत नसे.

एके दिवशी सासू आली. कॉटच्या पायथ्याशी उभी राहिली. पोरीकडे बघितलं, दोरीकडे, वजनाकडे, आणि मग माझ्या पायांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काहीतरी टाकून बोलणार. तिने पिशवीतून वहाणांचा जोड काढला आणि खाली ठेवला. आमच्या घरात सुना वडीलधाऱ्यांसमोर वहाणा घालत नसत. म्हणाली, "घाल. फरशी थंड शे." एवढंच. त्यानंतर ती वीस वेळा तरी उसणीने वाकडी झाली असेल, भिंत धरून चालली, पण मला कधी पाय लाव म्हणाली नाही. गावातून कुणी मागायला आलं तर तीच दारातून परत पाठवायची.

आषाढ लागला तेव्हा पोरीच्या डोक्यापासून छातीपर्यंत प्लास्टर झालं होतं आणि ती वॉर्डभर मिरवत होती. दसऱ्याच्या सुमाराला प्लास्टर निघालं. मोठ्या डॉक्टरने तिला आडवं केलं, म्हणाला, आता उठ. ती हात बाजूला ठेवून उठली. मान किंचित कललेली राहिली, ती आजतागायत. बघणाऱ्याला वाटतं, बाई लाजते आहे.

माझी सवय मात्र गेली नाही. पिकल्या निंबोळ्यांवरून मी चालत नाही, पायाखाली मऊ काही आलं की पाय उचलून घेते. घरातही वहाणा लागतात. लोक हसतात, हसोत बापडे.

त्या पोरीचं लग्न झालं. पहिलं बाळंतपण अक्काने धुळ्यालाच दवाखान्यात करायचं ठरवलं, मानेच्या भीतीने. आणि बरोबर मामी हवी हा पोरीचा हट्ट. तेव्हा ती अठराची आणि मी तिशीला आलेली. दुपारी नर्स बाहेर आली, म्हणाली, पायांकडून येतंय. माझी आई अशीच गेली होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले, नवस बोलायचं म्हटलं तर एका देवाचं नाव आठवेना. मग आतून रडणं ऐकू आलं. आणि त्यामागून पोरीचा आवाज, थकलेला, पण तिचाच: "मामी, तू आहेस का?"

मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. अक्का डबा घेऊन यायची होती. तोवर आत आम्ही तिघीच. पोरीने दुपट्यातून लेकीचा पाय बाहेर काढला, अंगठ्याएवढी टाच, आणि माझ्याकडे बघितलं. तिचा एक हात मानेमागे गेला होता.

बारशाला बायकांनी अंगण भरलं. आमच्या जुन्या शेजारणीने पाळण्यात डोकावून विचारलं, "कशी झाली गं पोर? सुखाने ना? अडली तर नव्हती?"

आमची बाळंतीण पोर माझ्याकडे बघू लागली. मी पुढे झाले, बाळाचे पाय दुपट्यात घट्ट गुंडाळले आणि चार बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "सरळ झाली. डोक्याकडून."